विरजणातले औषध



या सदरात आपण बी-बियाणे, खते, कीड-रोग यांचेच बोलतो. आज थोडी वाट सोडून जाणार आहे. त्याला कारण एका वाचक भगिनीचे पत्र. त्यांच्या सासूबाई माळकरी आहेत. मधुमेह बळावला म्हणून डॉक्टरांनी इन्शुलीनची सुई सांगितली. दोन महिने घेतली आणि बरेही वाटू लागले. मग कोणीतरी कानात घातले की हे औषध डुकराच्या अवयवातून काढतात. झाले! सासूबाईंनी सुई बंद केली. "खरे काय ते लवकर कळवावे," असे भगिनी लिहितात.

पत्राचे उत्तर टपालाने लगेच धाडले आहे, पण ते सर्वांच्या कामाचे म्हणून येथेही देतो. आज आपल्याकडे औषधाच्या दुकानात आणि सरकारी दवाखान्यात जे इन्शुलीन मिळते, ते डुकराच्या अवयवातून काढलेले नसते. बाटलीवर 'ह्यूमन इन्शुलीन' आणि 'आर-डीएनए' असे शब्द असतात, तेही वाचून घाबरू नये. ते माणसाच्या शरीरातून काढलेलेही नसते. ते टाकीत वाढवलेल्या यीस्टकडून किंवा जिवाणूंकडून करवून घेतलेले असते. पावाच्या पिठाला जो फुगवतो, इडलीचे पीठ जो आंबवतो, त्याच गणगोतातले हे जीव. तेव्हा सुई सोडू नये. ज्यांचे शरीर इन्शुलीन अजिबात बनवत नाही, अशा मुलांनी ती दोन-चार दिवस चुकवली तरी जिवावर बेतते.

आता कानात घालणारा माणूसही अगदीच खोटे बोलला नाही, हे सांगितले पाहिजे. चाळीसेक वर्षांपूर्वीपर्यंत ते खरे होते.

१९२१ साली कॅनडात टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट या दोघांनी कुत्र्यांवर प्रयोग करून स्वादुपिंडातला हा रस ओळखला. जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला तो प्रथम टोचला. पहिली सुई फारशी लागू पडली नाही. कॉलिप नावाच्या सहकाऱ्याने रस अधिक शुद्ध केला, बारा दिवसांनी पुन्हा टोचला, आणि मरणाच्या दारातला मुलगा उठून बसला. त्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवून दिवस लांबवणे एवढाच उपाय होता. या मंडळींनी शोधाचा हक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकला. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे किमतीचा विषय येणार आहे.

पण रस काढायचा कोठून? कत्तलखान्यातून. डुकरे आणि गाई-बैल यांची स्वादुपिंडे गोळा करून. आठ औंस, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास शुद्ध इन्शुलीन मिळवायला दोन टनांहून अधिक अवयव लागत. साठ वर्षे जगभरचे रोगी या मालावर जगले. डुकराचे इन्शुलीन माणसाच्या इन्शुलीनपेक्षा एकाच दुव्याने वेगळे, गाईचे तीन दुव्यांनी. म्हणून चालून जाई. पण काहींना गाठी येत, काहींना ते अंगी मानवत नसे. शिवाय रोगी वाढत चालले, तेवढी जनावरे आणायची कोठून, ही चिंता होतीच.

तोडगा निघाला तो अशा मार्गाने की तुम्हाला तो सहज समजेल, कारण तोच मार्ग तुमच्या रानात येऊन गेला आहे. २००२ साली आपल्याकडे बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्यात काय केले? मातीतल्या एका जिवाणूचा गुण उचलून कापसाच्या झाडात बसवला, आणि झाड स्वतःच बोंडअळीला मारणारे प्रथिन तयार करू लागले. (पुढे गुलाबी बोंडअळीने काय केले ते आपण भोगलेच आहे. तो विषय निराळा.) इन्शुलीनमध्ये उलटी चाल आहे. माणसाच्या शरीरातला इन्शुलीन बनवण्याचा गुण, म्हणजे जनुक, तो जिवाणूत बसवला. १९७८ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी हे साधले आणि १९८२ साली त्या औषधाला तेथे विक्रीची परवानगी मिळाली. या रीतीने केलेले आणि बाजारात आलेले ते जगातले पहिले औषध. पुढे जिवाणूंच्या जोडीला यीस्ट आले. आपल्या महाराष्ट्रात औरंगाबाद येथे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, वोखार्ट कंपनीने यीस्टपासूनचे इन्शुलीन २००३ साली काढले. पाठोपाठ २००४ मध्ये बंगळुरूच्या बायोकॉनने काढले.

कारखान्यात चालते काय, ते विरजणाच्या हिशेबाने पाहा. आपण चांगल्या दह्याचे विरजण जपून ठेवतो, तसे हे जनुक बसवलेले यीस्ट अतिशीत पेटीत जपलेले असते. त्यातला थेंबभर काढून लहान काचपात्रात वाढवायचा, ते मोठ्या पात्रात ओतायचे, आणि शेवटी हजारो लिटरच्या पोलादी टाकीत. खायला साखरेसारखे द्रव्य, श्वासाला गाळलेली हवा, तापमान बेतशीर. रायझोबियमचे जे पाकीट तुम्ही पेरणीपूर्वी हरभऱ्याच्या बियाण्याला चोळता, तेही अशाच रीतीने वाढवलेले असते. फरक एवढाच की आपल्या पाकिटात चार परके जिवाणू शिरले तर पीक थोडे कमी येईल. औषधाच्या टाकीत एक जरी शिरला तरी सारा घाणा ओतून द्यावा लागतो. आणि वाढवण्यापेक्षा निवडण्याचे काम अवघड. यीस्ट वेगळे काढायचे, नको ती प्रथिने गाळायची, पुन्हा गाळायची, शेवटी इन्शुलीनचे स्फटिक पाडायचे. खरा खर्च या सफाईतच येतो. ऊस पिकवणे सोपे आणि साखर पांढरी करणे खर्चाचे, तद्वत.

घरी आणलेले इन्शुलीन कसे ठेवावे हे मात्र आपल्या हाती आहे. न फोडलेली बाटली शीतकपाटात २ ते ८ अंशात ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नये. एकदा गोठलेले इन्शुलीन वितळल्यावर दिसायला पूर्वीसारखे दिसले तरी टाकून द्यावे. शीतकपाट नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू भरून त्यात लहान मडके बसवावे, बाटली कोरडी राहील अशी त्यात ठेवून वर ओले फडके घालावे. सावलीत, वारा लागेल अशा जागी हे मडके ठेवले तर उन्हाळ्यातही आत बराच गारवा राहतो. वाळू रोज भिजवावी. फोडलेली बाटली साधारण महिनाभरच वापरावी, आणि फोडल्याची तारीख वर लिहून ठेवावी.

काविळीच्या लसीचीही हीच कथा. रक्तातून पसरणारी जी 'ब' कावीळ, तिची पहिली लस १९८१ साली आली, ती त्या रोगाचे विषाणू अंगात बाळगणाऱ्या माणसांच्या रक्तातून काढलेली होती. १९८६ पासून ती यीस्टकडून करवून घेऊ लागले. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली ती आपल्या देशात तयार केली, तेव्हा कुठे ती सामान्यांच्या आवाक्यात आली. आज ती सरकारी लसीकरणात फुकट आहे. बाळ जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत पहिली मात्रा पडली पाहिजे. बाळंतपण घरीच झाले असेल तर आशाताईंना त्याच दिवशी निरोप धाडा.

आता तुम्ही म्हणाल, इन्शुलीन झाले, लस झाली, मग सापाच्या विषावरचे औषध असे का होत नाही? रास्त प्रश्न आहे, आणि आपल्या जिव्हाळ्याचा. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. बहुतेक सारी खेड्यातली, आणि पावसाळ्यातल्या महिन्यांत सुमारे निम्मी. यात शहरी माणसाचे नाव क्वचितच सापडेल.

हे औषध आजही घोड्याच्या रक्तातून येते. रीत १८९० च्या दशकातली आहे. सापाचे विष अगदी थोडे थोडे घोड्याला टोचायचे, मात्रा हळूहळू वाढवायची. घोडा मरत नाही, त्याच्या रक्तात विषाला अडवणारी प्रतिद्रव्ये तयार होतात. मग रक्त काढून त्यातला पातळ भाग घ्यायचा, शुद्ध करायचा, सुकवून बाटलीत भरायचा. मुंबईत परळला १८९९ साली सुरू झालेली हाफकिनची संस्था या कामासाठी नावाजलेली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचा जन्मही याच धाग्यातून झाला. पूनावाला कुटुंबाचा घोड्यांच्या पैदाशीचा व्यवसाय होता आणि शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे हाफकिनकडे जात. आपणच लस का करू नये, असा विचार येऊन १९६६ साली ती संस्था निघाली.

घोड्याच्या औषधाने लाखो माणसे वाचवली, यात शंका नाही. पण त्यात तीन उणिवा आहेत. एक, त्यातला थोडाच भाग विषाशी भिडतो, बाकीचे प्रथिन निरुपयोगी. म्हणून दहा-दहा, वीस-वीस बाटल्या लागतात. दुसरी, ते परक्या जनावराचे प्रथिन असल्याने काहींच्या अंगावर उठते, धाप लागते. म्हणूनच ते दवाखान्यातच घ्यायचे, घरी नाही. तिसरी उणीव आपल्याला अधिक बोचणारी आहे. हे औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांसाठीच आहे, आणि त्यासाठी लागणारे विष बहुतांशी तामिळनाडूतून येते. तेथे इरुला आदिवासींची सर्पमित्र म्हणावी अशी सहकारी संस्था १९७८ पासून हे काम करते. काम चोख, पण तामिळनाडूची घोणस आणि दुसऱ्या प्रांतातली घोणस यांच्या विषाचा मेळ सारखा नसतो. ज्वारीचे एकच वाण सगळ्या जमिनीत सारखे येत नाही, तसेच हे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर आणि त्यांचे सहकारी यांनी वेगवेगळ्या भागांतली विषे तपासून हा फरक दाखवून दिला आहे. कोकणातला चापडा तर या चौघांत नाहीच.

मग टाकीत का करत नाहीत? अडचण अशी की इन्शुलीन हे एकच प्रथिन. सापाचे विष म्हणजे डझनावारी प्रथिनांचा काढा, आणि प्रत्येक सापाचा काढा निराळा. एका कुलपाला एक किल्ली करता येते. येथे कुलपांचा जुडगाच आहे. तरीही काम सरकले आहे. २०२४ साली सुनगर यांच्या गटाने अमेरिकी शास्त्रज्ञांबरोबर यीस्टच्या साह्याने असे एक मानवी प्रतिद्रव्य निवडून काढले की ते नाग, मण्यार आणि आफ्रिकेतला मांबा यांच्या विषातल्या एका मोठ्या घातक घटकाला अडवते. २०२५ च्या जानेवारीत डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेने, ज्यांना आदल्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळाले होते, संगणकावर आखलेली लहान प्रथिने तयार केली. तीही नागाच्या कुळातल्या विषाला भिडतात. त्याच वर्षी मे महिन्यात दुसऱ्या एका गटाने दोन मानवी प्रतिद्रव्ये आणि एक रासायनिक औषध यांचे मिश्रण एकोणीस सापांच्या विषांवर तपासले.

पण हे सारे प्रयोग उंदरांवरचे आहेत, हे विसरू नका. शिवाय बहुतेक काम नागाच्या कुळावर आहे. घोणस आणि फुरसे, ज्यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रियाच बिघडते, त्यांच्यावर टाकीतले औषध अजून दूर आहे. आपल्याकडे तर घोणसच फार. तेव्हा या वर्षी, पुढच्या वर्षी, औषध घोड्याचेच आहे आणि ते तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात फुकट मिळते. दंश झाला तर आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, तोंडाने ओढू नका. हात-पाय फळीला बांधून स्थिर ठेवा आणि १०८ ला फोन करा. गाडीला उशीर होत असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्या. मांत्रिकाच्या दारात घालवलेला तास परत मिळत नाही. मण्यारीचा दंश रात्री झोपेत होतो आणि पुष्कळदा दुखतही नाही; पहाटे पोटात कळ आली आणि पापण्या जड होऊन मिटू लागल्या तर खूण दिसो न दिसो, निघा. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याची योजना जाहीर केली आहे. कागद चांगला आहे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधाच्या किती बाटल्या शिल्लक आहेत, हे ग्रामसभेत दर पावसाळ्याआधी विचारायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही.

आता या विद्येचा पुढचा टप्पा. औषधच नव्हे, तर जिवंत पेशी आणि कातडी वाढवणे. जळगावकडच्या केळी बागायतदारांना ऊतिसंवर्धन सांगायला नको. कोंबाचा लहानसा तुकडा काचेत वाढवून हजारो रोपे करतात. माणसाच्या पेशीतून सबंध माणूस होत नाही, पण पेशींचा पातळ थर होतो. १९८३ साली अमेरिकेत दोन लहान भाऊ अंगाची पंचाण्णव टक्क्यांहून अधिक कातडी भाजलेल्या स्थितीत बोस्टनला आणले गेले. त्यांच्याच शिल्लक कातडीचा बारीक तुकडा घेऊन त्यापासून प्रयोगशाळेत कातडी वाढवली आणि अर्ध्याहून अधिक अंगावर ती बसवली. मुले वाचली. या कातडीला केस येत नाहीत, घामही येत नाही. ती उणीव अजून भरून निघालेली नाही. आपल्याकडे चुलीच्या, स्टोव्हच्या भाजण्यात आजही एक आधार आहे तो मरणोत्तर दान केलेल्या कातडीचा.

पेशींचे दुसरे काम मुंबईतच झाले आहे. आयआयटी आणि टाटा रुग्णालय यांनी मिळून रक्ताच्या काही कर्करोगांवर एक उपचार तयार केला. त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. रोग्याच्याच रक्तातल्या लढाऊ पांढऱ्या पेशी काढतात, त्यांना कर्करोगाची पेशी ओळखण्याचा नवा गुण देतात, वाढवतात आणि त्यालाच परत टोचतात. प्रत्येक रोग्याचे औषध निराळे, एकाचे दुसऱ्याला चालत नाही. परदेशात जो खर्च येतो त्याच्या सुमारे दशांशात हे होते असे सांगतात. तरी तो दशांशही काही लाखांत आहे, आणि कोरडवाहू शेतकऱ्याला लाख काय आणि कोटी काय! एका डॉलरला हक्क देणाऱ्यांची आठवण येते ती अशा वेळी.

राहिला तो छापील अवयवांचा विषय, ज्याची चित्रे आजकाल फोनवर फिरतात. पेशी मिसळलेली खळ यंत्राने थरावर थर देऊन रचायची, अशी ही रीत. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये अशा रीतीने डोळ्याचा पारदर्शक पडदा रचून सशाला बसवला. पातळ पडदा जमतो. मूत्रपिंड, यकृत, हृदय जमत नाही. का? पाण्यामुळे. केसाएवढ्या रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाहून दूर राहिलेली पेशी उपाशी मरते. सबंध मूत्रपिंडात एवढ्या बारीक नळ्यांचे ठिबक सिंचन बसवणे अजून कोणालाही साधलेले नाही. आणि घाई केली तर काय होते तेही जगाने पाहिले. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात पाओलो मॅकिआरिनी या शल्यविशारदाने २०११ पासून तीन रोग्यांना प्लॅस्टिकच्या श्वासनलिका त्यांच्याच पेशी लावून बसवल्या. गाजावाजा मोठा झाला. तिघेही दगावले. २०२३ साली तेथील वरिष्ठ न्यायालयाने त्याला अडीच वर्षांची सजा दिली.

हे लांबचे झाले. जवळचे सांगतो. माझ्या माहितीतल्या एका कुटुंबाने पाठीच्या कण्याला मार बसलेल्या तरुण मुलासाठी 'मूळ पेशीं'च्या सुया घेण्यापायी विहिरीजवळचे दीड एकर विकले. शहरातल्या एका खासगी दवाखान्याने चार सुया दिल्या. मुलगा अजून खाटेवरच आहे, आणि ती विहीर आता दुसऱ्याच्या नावावर आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०१७ च्या आपल्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे की रक्ताचे काही आजार सोडले तर मूळ पेशींचे उपचार हे प्रयोगच समजावेत. आणि प्रयोगासाठी रोग्याकडून पैसे घ्यायचे नसतात. कोणी पैसे मागितले की तेथेच उठावे, आणि जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारावे.

जाता जाता एक. या कारखान्यांना शेतमाल लागेल, तेव्हा शेतकऱ्याचा फायदा किती, असे काही जण विचारतात. शेतमालाचा संबंध जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या पिओरिया गावी पेनिसिलीनचे उत्पन्न वाढले ते मका भिजवून उरलेल्या पाण्यामुळे, आणि चांगले वाण मिळाले ते एका बुरसलेल्या खरबुजावर. आपल्या केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये जैव-उत्पादनाचे धोरण मंजूर केले आहे. पण इन्शुलीनचा कारखाना किती साखर खाणार? इथेनॉलपुढे ती चिमूटभरच. तेव्हा औषध कारखाना येणार म्हणून कोणी उसाचे क्षेत्र वाढवा असे सुचवील तर ऐकू नका. मुलगी बारावीला विज्ञान घेऊन चांगल्या गुणांनी निघाली असेल तर मात्र तिला सूक्ष्मजीवशास्त्राकडे पाठवण्याचा विचार करा. या टाक्यांपाशी काम करणारी माणसे लागणार आहेत, आणि जनावरांचे धारोष्ण दूध न नासवता सांभाळणाऱ्या घरातल्या मुलीला स्वच्छतेचा धडा वेगळा द्यावा लागत नाही.

पुढच्या अंकात उसावरील हुमणीचे पाहू. ज्यांच्या रानात ती दिसली असेल त्यांनी जमिनीचा प्रकार आणि मागचे पीक लिहून पत्र पाठवावे.